वरच्या खोलीतले जाळीचे दरवाजे

सक्करदरा, नागपूर
८ जानेवारी २०२४

यमुताई,

पाया पडून लिहायला बसलो आहे. फोनवर तू नुसती 'हाव, हाव' करतेस आणि मी काय बोललो ते तुला ऐकू गेलेलं नसतं, म्हणून हे अंतर्देशीय. पोस्टात जन्म गेला, तेव्हा पत्र लिहायचा मला कंटाळा नाही.

दिवाळीत भैरवी मला न्यायला आर्वीला आली तेव्हा काय म्हणाली होती, आठवतं? तू होतीस ओट्यावर. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटे पडले. आमच्याकडे चला, वरची खोली तुमचीच." मुलीच्या घरी राहायचं नाही म्हणत म्हणत आलो. इथं येऊन पाहतो तर मला दिली खालची, हॉलच्या बाजूची. आणि वरच्या खोलीत कोण? दोन दरवाजे!

थट्टा नाही करत. माणसाएवढे उंच, जाळीचे, आरपार दिसणारे दोन दरवाजे जावईबापूंनी खोलीच्या मधोमध उभे केले आहेत. भिंत नाही, चौकट नाही, नुसते दरवाजे. म्हणे स्पीकर आहेत. मुंबईच्या कोणाकडून जुने घेतले. आत पापडाहून पातळ पडदा आहे, त्यात वीज भरलेली असते, तो थरथरतो आणि गाणं येतं. जाड आवाज त्या पडद्याला झेपत नाही, म्हणून कोपऱ्यात दोन काळ्या पेट्या. त्यांना सबवूफर म्हणतात. हे सगळं सदान्‌कदा वीज लावून ठेवायचं. आणि मी न्हाणीतला दिवा विसरलो की भैरवी आठवण देते!

आता मुद्द्याचं. उन्मेषराव बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये मशीन सांभाळतात. संध्याकाळी आले की चहा घेऊन वर जातात. मी जिना चढून दार उघडतो, तर आत बाई गाते आहे. इतकी स्वच्छ, की आत कोणी पाहुणी बसली आहे असं वाटून मी पहिल्या दिवशी दारातच थबकलो. पण मी आत गेलो आणि डाव्या भिंतीच्या दिवाणावर टेकलो, की गाणं गायब. उरतं काय, तर धुम्म, धुम्म. गिरणीत बसल्यासारखं. मला पाहिल्याबरोबर जावईबापू खुर्चीतून उठतात आणि पलीकडे गाण्याच्या मशीनजवळच्या स्टुलावर जाऊन बसतात. सगळी बटणं तिथंच आहेत.

एकदा झालं, दोनदा झालं. रोज होऊन राहिलं आहे. मी काय समजायचं? म्हाताऱ्याला धुम्म धुम्म ऐकवा, कंटाळून जाईल खाली. तू काय म्हणतेस ते लिही. भैरवीजवळ मी बोललो नाही.

तुझा विश्वनाथ


आर्वी
१४ जानेवारी

विश्वनाथा,

तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. संक्रांतीचे तीळ भाजता भाजता वाचलं, तं तीळ करपले.

मी तवाच म्हटलं होतं का नाही? पोरीचं घर म्हणजे चार दिवसाचं. खोली सांगायची वरची अन् द्यायची खालची, यातच सारं आलं. जावई हुशार आहे गा. तोंडानं 'या बाबा, बसा बाबा' करन अन् हातानं बटण फिरवन. खुर्ची सोडून बटणापाशी जाऊन बसते, हे मानासाठी नाही. तू भोळा, तुले आवरण कोणतं अन् आतलं कोणतं, कधी समजलं नाही.

असं कर. पुढच्या बारीले जाशीन तवा त्याच्या तोंडाकडे नको पाहू, हाताकडे पाहजो. हात बटणावर गेला का मग पक्कं समज.

अन् हात नाही गेला तं? तं मग कान पाह्य आपला. रागावू नको. माहं असंच सुरू झालं होतं. बहिऱ्या माणसाले पयले असंच वाटते का लोकच हळू बोलून राहिले. आपल्या बाबाचंही तसंच झालं होतं. आपल्या घरात आहे ते.

तसं असलं तं परक्या घरी राहू नको बाप्पा. इथं तुहं घर आहे, माहं घर आहे, मधात नुसती भिंत. तुह्या घराची किल्ली माह्या कमरेले आहे. पाण्याची तोटी गळत होती, ती बसवून घेतली.

यमुताई


सक्करदरा
२२ जानेवारी

यमुताई,

तू सांगितलं तसं केलं. हातांकडेच पाहत बसलो. मी दिवाणावर, ते स्टुलावर, मधे त्यांची खुर्ची रिकामी. हात दोन्ही मांडीवर. बटणाकडे बोटसुद्धा गेलं नाही. आणि गाणं मात्र नेहमीसारखं गायब! आता खिशात रिमोट असेल तर मला कसा दिसणार?

मग कानांची परीक्षा घेतली. कुकरची शिट्टी ऐकू येते. शेजारणीची कुजबुज ऐकू येते. आणि काल हॉलमध्ये पेपर वाचत होतो तेव्हा स्वयंपाकघरातली भैरवीही ऐकू आली. हळू आवाजात नवऱ्याला म्हणत होती, "बाबांना आजकाल कमी ऐकू येतं का हो? आत्यासारखं?" त्यावर ते म्हणाले, "मलाही तसंच वाटतं."

म्हणजे बघ! माझ्यामागे मला बहिरा ठरवून मोकळे. बहिऱ्याला काय, कुठंही बसवा, काहीही ऐकवा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरंच ऐकू येत नसेल तर? या खोलीतच का येत नाही? ताई, तुला सांगतो, मला भीती वाटते. तुझं मी पाहिलं आहे. मला यांच्यावर ओझं होऊन राहायचं नाही.

आणखी एक. त्या जाळ्यांना धूळ फार ओढते, वीज आहे म्हणून. मला राहवलं नाही, ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. संध्याकाळी जावईबापू विचारतात, "बाबा, तुम्ही याला हात लावला होता का?" इतक्या गोड आवाजात विचारलं की चोर पकडल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, नाही. का खोटं बोललो, मलाच कळत नाही. आता शेजारच्यांचीही तक्रार आली आहे की भिंत हादरते. ते धुम्म धुम्म दिवसेंदिवस वाढूनच राहिलं आहे.

मी ठरवलं आहे. महिन्याभरात आर्वीला परत येतो. तेवढं घर झाडून ठेव.

तुझा विश्वनाथ


सक्करदरा
२९ जानेवारी

आदरणीय यमुआत्या,

मी उन्मेष, भैरवीचा नवरा. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. भैरवीला आणि बाबांना हे माहीत नाही. बाबा तुम्हाला पत्रं लिहितात आणि पेटीत टाकायला स्वतः जातात, माझ्याकडे देत नाहीत. म्हणून वाटलं की तुम्हाला काही तरी माहीत असेल.

बाबा आमच्यावर नाराज आहेत का?

वरची खोली त्यांचीच ठरली होती. पण डॉक्टर म्हणाले, या गुडघ्यांनी जिना नको. भैरवीनं हे त्यांना सांगितलं नाही, कारण 'मला म्हातारा म्हणता का' म्हणून ते चिडले असते. मग खोली रिकामीच होती, तर मी माझी बरेच दिवसांची हौस केली. दिवसभर मिलमध्ये मशीनचा गदारोळ असतो आत्या, कानात बोळे घालून उभा राहतो. संध्याकाळी एक तास नीट गाणं ऐकावं एवढीच इच्छा. आणि बाबा गुडघे धरून वर येतात, तेव्हा मला बरं वाटतं, की यांनाही आवडतंय. घरात माझ्यासोबत गाणं ऐकणारं दुसरं कोणी नाही.

पण आता कसं सांगू. मी एकटा असलो की सगळं उत्तम वाजतं. बाबा आले रे आले, की आवाज खाली बसतो. देवाशपथ. त्याच क्षणी. मी वायर बदलल्या, जोडण्या उलटसुलट करून पाहिल्या, सबवूफर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेले. ज्यांच्याकडून घेतलं त्या गृहस्थांना शिव्यासुद्धा दिल्या. ते एकच विचारतात, "खुर्ची हलवली का?" त्यांनी जमिनीवर पट्टी चिकटवून खुर्चीची जागा ठरवून दिली होती. खुर्ची मी बोटभरसुद्धा हलवलेली नाही.

मध्यंतरी जाळीवर ओलसर डाग दिसले. बाबांना विचारलं, ते नाही म्हणाले, पण नजर चुकवली. तेव्हापासून मनात नको नको ते येतं. त्यांना हे सगळं पसंत नाही आणि मी नसताना ते काही करून ठेवतात, असं तर नाही? असा विचार केला म्हणून माझीच मला लाज वाटते, पण येतो.

दुसरी शंका, त्यांना ऐकू कमी येतं. चेहऱ्यावर काही उमटतच नाही. म्हणून मी सबवूफर रोज थोडे वाढवतो, निदान तेवढं तरी पोचावं. वर आले की मी लगेच खुर्ची रिकामी करून देतो. पण ते दिवाणावरच बसतात. मग मी तरी खुर्चीत कसा बसू? सासऱ्यांना भिंतीशी बसवून आपण मधोमध, हे बरं दिसत नाही. मी आपला स्टुलावर.

आता ते परत जायचं म्हणतात. भैरवी रडते. मी काय करू, ते कळवा.

आपला,
उन्मेष


आर्वी
६ फेब्रुवारी

विश्वनाथा,

घर झाडलं. गाद्या उन्हात टाकल्या. माठ धुऊन भरून ठेवला. ओट्यावरची तुही लाकडी आरामखुर्ची कोठ्यातून काढून पुसली, पाठ अजून मजबूत आहे.

कधी येतो ते लिह्य. बाकी इकडे काही विशेष नाही.

यमुताई


सक्करदरा
१३ फेब्रुवारी

यमुताई,

पंचवीस तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीनं निघतो. तिकीट काढलं.

भैरवीला जायची तारीख सांगितली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "काय कमी पडलं बाबा?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, गावाची आठवण येते. त्यानंतर ती माझ्याशी मोजकं बोलते. ताटात वाढते आणि निघून जाते. घरात कोणी वारल्यासारखं झालं आहे.

काल जावईबापूंनी कमालच केली. त्या दरवाजांची वीज काढली, वर चादरी घातल्या आणि खाली येऊन म्हणतात, "बाबा, तुम्हाला याचा त्रास होत असेल तर मी हे विकून टाकतो. खोली रिकामी करतो. पण तुम्ही जाऊ नका." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. डोळे भरले होते त्यांचे. माझ्या मनात काय आलं असेल? नाटक! उद्या सगळ्यांना सांगायला मोकळे, की सासऱ्यापायी हौस मोडावी लागली.

पण ताई, रात्री सारखा तोच चेहरा दिसतो. माणूस इतकं खोटं रडू शकतो का? तू सांग. तू माणसं ओळखतेस, मी नाही. आता तिकीट तर काढून बसलो आहे.

तुझा विश्वनाथ


आर्वी
१९ फेब्रुवारी
(स्पीड पोस्टानं)

विश्वनाथा अन् उन्मेषराव,

हे पत्र दोघाइले मिळून आहे. भैरवीनं वाचून दाखवावं. वरच्या खोलीत जाऊन वाचावं, खाली नाही. त्या चादरी काढून वीज लावून ठेवा पयले.

लावली? आता ऐका दोघंही शहाणे.

विश्वनाथा, तू लिहितो का तू गेला का गाणं जाते. जावई लिहितात का बाबा आले का गाणं जाते. हाव, जावयाचंही पत्र आहे माह्यापाशी, तुह्या पत्रावानीच रडकं. तू त्याले चोर म्हणतो, तो तुले चोर समजते. तुले वाटते तो बटण फिरवते, त्याले वाटते तू मशीन बिघडवतो. अन् दोघाइले मिळून वाटते का तू बहिरा झाला.

अरे, पण त्या मधातल्या खुर्चीत कोण बसून राहिलं आहे?

कोणीच नाही! विश्वनाथ बसत नाही, काहून का ती जावयाची जागा. जावई बसत नाही, काहून का सासरा भिंतीशी अन् आपण मधात, हे बरं दिसत नाही. एक इकडच्या भिंतीले, एक तिकडच्या भिंतीले, अन् गाणं बिचारं रिकाम्या खुर्चीले ऐकू येऊन राहिलं आहे. विश्वनाथा, तूच लिहिलं ना, दारात उभा राहतो तवा बाई गाते? दार कुठं आहे? खुर्चीच्या मागं, समोरासमोर असन. उन्मेषराव, तुम्ही एकटे असता तवा कुठं बसता? खुर्चीतच ना? त्या मुंबईवाल्यानं खुर्चीची जागा आखून देली, ती काय खुर्चीले गाणं ऐकवाले देली होती का?

मले मशीनमधलं काही समजत नाही. पण मी एवढी बहिरी असून मले दोन पत्रातून समजलं, अन् तुम्ही चार कान घेऊन बसले, तुम्हाले समजलं नाही. आग लागो त्या मानपानाले!

विश्वनाथा, आता उठ अन् त्या खुर्चीत बस. मग काय ते ठरव. तिकीट काही मोठं नाही.

अन् जाळ्या तूच पुसल्या ओल्या फडक्यानं, हे तुह्या तोंडानं सांग त्याले. अन् उन्मेषराव, खोली काहून बदलवली तेही सांगून टाका. गुडघ्याची काय लाज आहे?

यमुताई


सक्करदरा
२६ फेब्रुवारी

यमुताई,

आज सोमवार आणि मी नागपुरातच आहे.

भैरवी वाचत होती. चोराचं वाक्य आलं तेव्हा मी जमिनीकडे पाहत होतो आणि जावईबापू छताकडे. खुर्चीचं आलं तेव्हा तिनं वाचणं थांबवलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग उन्मेषरावांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला त्या खुर्चीत बसवलं.

ताई, काय सांगू तुला! ती बाई समोर आली. दरवाजे दिसेनासे झाले. तानपुऱ्याच्या तारेवर बोट पडतं ते ऐकू येत होतं. गायच्या आधी ती श्वास घेते, तो श्वास ऐकू येत होता. आणि ते धुम्म धुम्म म्हणजे तबल्याचा डगा होता गं, चांगला गोड डगा, जिथल्या तिथं. मी इतके दिवस त्याला गिरणी म्हणत होतो. मला रडू कोसळलं. गाण्यासाठी थोडं, आणि कान शाबूत आहेत म्हणून जास्त.

मग एकदम लक्षात आलं, हा पोरगा कुठं आहे? पाहतो तर भिंतीला टेकून उभा. मी विचारलं, "तुम्हाला काय ऐकू येतं?" म्हणाला, "धुम्म." आणि आम्ही दोघं असे हसलो की शेजारचे पुन्हा तक्रार करतील. मुंबईच्या त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, हे पडदे समोर आणि मागेच गातात, कडेला मुके असतात, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उन्मेषराव म्हणतात, मशीनवाल्या माणसाला बिघाड फक्त मशीनमध्येच दिसतो.

फडक्याचं सांगितलं. त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. मी चिडलो, पण थोडाच.

आता खुर्च्या दोन आहेत, एसटीतल्या सीटसारख्या एकामागे एक. पुढे कोण, यावर रोज भांडण होतं. भैरवीनं निकाल दिला, एक दिवस बाबा, एक दिवस हे. मी तिकीट रद्द केलं. मला इथं राहायचं आहे ताई. मनापासून.

आता एक विचारतो. पोस्टातला माणूस आहे, तारखा पाहिल्याशिवाय राहवत नाही. उन्मेषरावांनी तुला जानेवारी संपता संपता लिहिलं होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच ते तुला मिळालं असणार. दोन्ही पत्रं तुझ्या हातात होती. तरी त्यानंतर तू मला लिहिलंस ते काय, तर गाद्या उन्हात टाकल्या, माठ भरला, 'बाकी विशेष नाही'. तुला तेव्हाच कळलं होतं ना? मग गप्प काहून राहिलीस?

तुझा विश्वनाथ


आर्वी
४ मार्च

विश्वनाथा,

तुह्यापासून काही लपत नाही. हाव, तवाच समजलं होतं. जावयाचं पत्र वाचून संपलं नाही तं हसू आलं होतं मले. मग ते पत्र घडी करून डब्यात ठेवलं अन् तुहं घर झाडाले गेली.

मले वाटलं, तू येशीन.

माह्या घरात दिवसभर कोणी बोलत नाही, अन् कोणी बोललं तं मले ऐकू येत नाही. तू शेजारच्या ओट्यावर बसला राहत होता तं निदान दिसत तं होता. पेपर वाचता वाचता तुहं तोंड हालत होतं. तेवढ्यानं माहा दिवस जात होता. म्हणून म्हटलं, राहू दे त्याइचं भांडण, चार दिवसांनी येईनच. पण जावई रडला, हौस विकाले निघाला, हे तू लिहिलं, अन् मले घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी भैरवीचाच चेहरा डोळ्यासमोर आला, मग बसली लिहाले.

रागव माह्यावर. पण लिह्याचं बंद नको करू.

होळीले सारे या. जावयाले सांग, आर्वीले खुर्च्या कशाही मांडा, मले सारखंच ऐकू येते. माठातलं पाणी मी रोज बदलते. आरामखुर्ची ओट्यावरच आहे, आत नेली नाही.

यमुताई